विश्लेषण : बातमी पूर्वी उशिरा यायची, आता घटनेच्याही आधी का येते?

दूरदर्शनच्या काळात बातमीला उशीर व्हायचा, अशी तक्रार होती. ती तक्रार आता कुणी करू शकत नाही. 11 नोव्हेंबर 2025 च्या सकाळी अनेक वृत्तवाहिन्यांनी अभिनेते धर्मेंद्र यांच्या निधनाची बातमी दिली. काही मान्यवरांनी लगोलग श्रद्धांजली वाहिली आणि थोड्याच वेळात ती गुपचूप पुसलीही. वडिलांची प्रकृती स्थिर असल्याचे कन्या ईशा देओल यांनी समाजमाध्यमावर कळवले. हेमा मालिनी यांनी तर हा प्रकार अक्षम्य असल्याचे खडसावले. धर्मेंद्र गेले ते 24 नोव्हेंबरला. म्हणजे बातमी 13 दिवस आधीच पोहोचली होती.

पूर्वीचा उशीर वाईट होता, पण त्यातून आपण नेमके कुठे येऊन पोहोचलो, हे पाहण्यासाठी जुना टीव्ही थोडा वेळ पुन्हा लावायला हवा. अँटेना फिरवायला कुणीतरी गच्चीवर जा.

दहा तासांचा उशीर कशासाठी?

31 ऑक्टोबर 1984. इंदिरा गांधी यांच्यावर सकाळी साडेनऊच्या आत गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसी ऐकणाऱ्यांना दिवसाच निधनाचे कळले होते. दूरदर्शनवर मात्र सलमा सुलतान यांनी ही बातमी वाचली ती संध्याकाळी, दहा तास उलटून गेल्यावर. या उशिरामागे तंत्राची अडचण नव्हती. वाहिनी सरकारची, त्यामुळे वरून होकार आल्याशिवाय वृत्तनिवेदक तोंड उघडत नसे. देशाच्या पंतप्रधानांची हत्या देशाला परदेशी रेडिओवरून कळावी, ही काही अभिमानाने सांगण्याची आठवण नव्हे. ‘तेव्हाच्या बातम्या किती छान होत्या’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

आणि चुका तेव्हाही होत. मार्च 1979 मध्ये जयप्रकाश नारायण मुंबईत रुग्णालयात होते. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत त्यांच्या निधनाची घोषणा करून टाकली. संसदेचे कामकाज थांबले, आकाशवाणीने नेहमीचे कार्यक्रम बंद केले, ठिकठिकाणी शाळा आणि दुकाने बंद झाली. जेपी हयात होते. ते गेले त्याच वर्षी 8 ऑक्टोबरला. पुढे ही हकिकत त्यांच्या कानावर घातली तेव्हा ते नुसते हसले म्हणतात. मात्र त्या चुकीला एक चेहरा होता. कोण चुकले, हे साऱ्या देशाला ठाऊक होते. आजच्या चुकीला ‘सूत्र’ नावाचे आडनाव असते आणि पत्ता नसतो.

बातमी वाचणारी माणसे

मुंबई दूरदर्शन सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 रोजी. सुरुवातीच्या वर्षांत तिथे मराठी बातम्या वाचणाऱ्यांत स्मिता पाटील होत्या. जीन्सवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यासमोर बसत, असे सांगितले जाते. टेबलाखाली काय आहे ते प्रेक्षकाला दिसत नसे आणि दिसण्याची गरजही नव्हती. प्रदीप भिडे यांनी वर्षानुवर्षे एकाच पट्टीत बातम्या वाचल्या. धरणाचा पाणीसाठा असो की सरकार कोसळणे असो, आवाज तोच. घरातली मोठी माणसे त्या आवाजावर घड्याळ लावत आणि लहान मुले गृहपाठाची वही शोधू लागत.

याचा एक फायदा होता, तो तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही. निवेदकाचा आवाज किंचित जरी हलला, तरी काहीतरी मोठे घडले आहे हे घरादाराला समजे. आज निवेदक उड्डाणपुलावरच्या खड्ड्यापासून ओरडायला सुरुवात करतो. मग खरोखर पूल पडला तर त्याने करायचे काय?

बातमीची मालिका कधी झाली?

गंमत म्हणजे एकेकाळी मालिकाच बातमीचे काम करत होत्या. 1985 मध्ये आलेल्या बासू चटर्जींच्या ‘रजनी’त प्रिया तेंडुलकर गॅस सिलिंडरच्या तक्रारीसाठी एजन्सीवाल्याशी भांडत. टॅक्सीवाल्यांच्या मनमानीवर भाग दाखवला, तर मुंबईचे टॅक्सीवाले निषेधाला उतरले. मालिकेतल्या बाईने रस्त्यावरच्या माणसाला उत्तर द्यायला भाग पाडले. हे आज किती वृत्तवाहिन्यांना जमते, ते गॅसच्या रांगेत विचारावे.

पुढे अदलाबदल झाली. 2000 साली आलेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ने देशाला एक नवे व्याकरण शिकवले. एकाच चेहऱ्यावर तीन बाजूंनी कॅमेरा, मागे ढगांचा गडगडाट आणि ऐन मोक्याला जाहिरात. तुळशीचा नवरा मिहीर मालिकेत मरण पावला तेव्हा प्रेक्षकांनी असा काही गहजब केला की त्याला परत आणावे लागले. त्याच वर्षाअखेरीपासून चोवीस तासांच्या हिंदी वृत्तवाहिन्यांचे पेव फुटत गेले आणि त्यांनी हे व्याकरण जसेच्या तसे उचलले. तीनदा दाखवलेले दृश्य, लाल वर्तुळ, बाण, ढोल, ‘ब्रेकनंतर पाहा’. मालिकेत मेलेला माणूस परतला तर प्रेक्षक सुखावतो. बातमीत तसे झाले तर रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या घरच्यांना साऱ्या देशाचे सांत्वनाचे फोन घेत बसावे लागते.

मालिका आणि बातमी यांतले अंतर किती उरले आहे, याचा पुरावा तुळशीच देईल. स्मृती इराणी 2017-18 मध्ये माहिती व प्रसारण मंत्री होत्या, म्हणजे साऱ्या वाहिन्यांवर देखरेख ठेवणारे खाते त्यांच्याकडे होते. 2024 मध्ये त्या अमेठीतून हरल्या आणि 29 जुलै 2025 पासून पुन्हा विरानींच्या घरात तुळशी म्हणून दाखल झाल्या. ही पटकथा एखाद्या लेखकाने लिहून आणली असती, तर निर्मात्याने ‘फारच ताणलंय’ म्हणून परत केली असती.

घाई कोण लावते?

उत्तर तीन अक्षरांचे आहे : टीआरपी. देशात सुमारे 23 कोटी घरांत टीव्ही आहे. त्यात कोण काय पाहतो, हे ठरते साधारण 58 हजार मीटरांवरून. म्हणजे जवळपास चार हजार घरांमागे एक मीटर. त्या एका घरातल्या आजोबांनी रिमोट हातात घेतला आणि समोर जी वाहिनी जास्त ओरडत होती तिथे थांबले, तर बाकी घरांची आवड आजोबांच्या नावे जमा होते. मोजमापावरच्या वादामुळे वृत्तवाहिन्यांचे आकडे ऑक्टोबर 2020 पासून मार्च 2022 पर्यंत बंद होते. तेवढ्या काळात आरडाओरडा कमी झाला, असे मात्र कुणाला आठवत नाही. सवय लागली की आकड्याचीही गरज उरत नाही.

शिवाय एका वाहिनीने बातमी दिली की दुसरी ती तपासत नाही, पहिलीकडे पाहूनच देते. ‘चुकलो तर सगळे चुकू, पण मागे राहिलो तर एकटेच राहू,’ असा हा हिशेब असतो. नोकरी टिकवायची असलेल्या माणसाला तो पटतोही.

भोंग्याचे काय झाले?

मे 2025 मध्ये हा हिशेब फार पुढे गेला. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर 8 मेच्या रात्री काही वाहिन्यांनी कराची बंदरावर नौदलाचा हल्ला झाल्याचे सांगून टाकले. सकाळी बंदर जागच्या जागी होते. नौदलाने कराचीवर खरोखर हल्ला केला तो 4 डिसेंबर 1971 च्या रात्री. तेव्हा मुंबईत टीव्हीच नव्हता आणि त्यामुळे नौदलाचे काही अडले नाही.

त्याच दिवसांत चर्चेच्या कार्यक्रमांत मागे हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवला जाऊ लागला, पार्श्वसंगीत म्हणून. अखेर 10 मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील नागरी संरक्षण महासंचालनालयाला वाहिन्यांना सांगावे लागले की, जनजागृती सोडून इतर कार्यक्रमांत हा आवाज वापरू नका. कारण साधे होते. रोज ऐकून लोकांना सवय झाली, तर खरा भोंगा वाजेल तेव्हा कुणी जागचे हलणार नाही. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट सरकारी भाषेत लिहिली तर अशीच दिसेल. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत नगरपालिकेचा भोंगा ठरल्या वेळी वाजायचा आणि लोक त्यावर घड्याळ लावायचे. त्याच्यावर विश्वास होता, कारण तो अवेळी वाजत नसे.

24 नोव्हेंबरला धर्मेंद्र खरोखर गेले, तेव्हा मोबाइलवर ती बातमी पाहून कुणी हळहळण्याआधी ‘नक्की का?’ असे विचारले असेल, तर त्याचा दोष त्या माणसाला देता येणार नाही. या पिढीच्या आवडत्या नायकाच्या वाट्याला शेवटच्या बातमीतही आधी शंका आली आणि मग शोक.

जुन्या दूरदर्शनवर प्रक्षेपण अडखळले की एक पाटी लागायची : ‘रुकावट के लिए खेद है’. लोक तिची टिंगल करत, कारण ती फार वेळा लागे. आता प्रसारभारतीच्या ‘वेव्हज’ या ॲपवर जुने कार्यक्रम मोबाइलवर पाहता येतात. मध्येच नेट गेले तर पडद्यावर एक चकती गोल गोल फिरत राहते. खेद व्यक्त करायला तिथेही कुणी येत नाही.