तेलाच्या भरवशावर

मोटारीच्या स्टिअरिंगपासून पुढच्या चाकांपर्यंत लोखंडाची एक अखंड साखळी असते, हे आपल्या कधी मनातही येत नाही. स्टिअरिंगचा दांडा, त्याच्या टोकाला गिअरची पेटी, तिथून निघालेले आडवे दांडे आणि शेवटी चाकं. क्रायस्लर कंपनीनं 1951 साली इंपीरियल मोटारीत पॉवर स्टिअरिंग देऊन ते सामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणलं, तरी ही साखळी तशीच राहिली. पंपानं दाबलेलं तेल हाताला मदत करतं, इतकंच. मदत थांबली तर स्टिअरिंग जड होतं, पण चाकं हाताचं ऐकतात.

अमेरिकेत ही साखळी मुद्दाम काढून टाकणारी हौशी मंडळी आहेत. यूटा राज्यातलं मोॲब किंवा कॅलिफोर्नियातलं जॉन्सन व्हॅलीचं वाळवंट इथं घराएवढ्या खडकांवरून गाड्या चढवण्याचा खेळ चालतो. जॉन्सन व्हॅलीत तर 2007 पासून ‘किंग ऑफ द हॅमर्स’ नावाची मोठी शर्यत होते. या गाड्यांत मागे उघडा हौदा असलेल्या पिकअप पुष्कळ. तिकडे त्यांनाही ट्रकच म्हणतात. त्यांना 40 इंची टायर बसवायचे, खडक पकडावा म्हणून त्यातली हवा कमी करायची आणि पुढची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरतील अशी जखडायची. मग ते टायर दोन दगडांच्या बेचक्यात अडकले, की मूळ स्टिअरिंग हात टेकतं. पेटीतला दांडा पिळवटतो, ती जिथं चॅसीला बसवलेली असते तिथं तडे जातात.

यावर उपाय म्हणजे संपूर्ण हायड्रॉलिक स्टिअरिंग. स्टिअरिंगखाली ऑर्बिटल नावाचा व्हॉल्व्ह असतो. स्टिअरिंग जितकं फिरवावं तितकं तेल तो मोजून पुढे सोडतो. ते तेल होज पाइपांतून ॲक्सलवरच्या सिलिंडरात जातं, पिस्टन सरकतो आणि चाकं वळतात. यात नवं काही नाही. आपल्या गल्लीत खड्डा खणायला येणारा जेसीबी असाच वळतो. हौशी माणूस म्हणूनच भंगारात निघालेल्या फोर्कलिफ्टचा व्हॉल्व्ह आणि जुन्या मोटारीचा पंप शोधून आणतो आणि तयार संचाच्या किमतीच्या बऱ्याच खाली काम भागवतो.

मला या खटपटीचं मनापासून कौतुक वाटतं. तिच्यात गणित आहे. सिलिंडरचा आतला व्यास 63 मि.मी., दांडा 32 मि.मी. आणि धाव 200 मि.मी. धरली, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 460 घन सें.मी. तेल लागतं. व्हॉल्व्ह एका फेऱ्याला 160 घन सें.मी. तेल देत असेल, तर स्टिअरिंगचे जवळजवळ तीन फेरे होतात. दर चौरस सें.मी.ला 100 किलो दाब मिळाला, तर चाकांवर सुमारे 2300 किलोंचा जोर येतो. इथं दांडा दोन्ही बाजूंनी निघालेलाच सिलिंडर हवा. एकाच बाजूला दांडा असलेला स्वस्त मिळतो, पण मग डावीकडे वळायला आणि उजवीकडे वळायला वेगवेगळे फेरे लागतात.

मी उमेदीची सारी वर्षं बँकेत कर्जप्रकरणं तपासली. अर्ज आला की आम्ही एक प्रश्न हटकून विचारत असू : बुडालं तर कोणाचं बुडेल? काटकसरीच्या प्रत्येक कामाला हाच प्रश्न विचारायला हवा. पंप जुना घेतला आणि तो अशक्त निघाला, तर स्टिअरिंग जड होईल, एखादी सहल वाया जाईल. तेलाची टाकी घरी जोडली आणि ती पाझरली, तर अंगण खराब होईल. ही मालकाची पदरमोड. ती त्यानं खुशाल करावी.

होज पाइप, त्यांचे जोड, सिलिंडर धरून ठेवणारे बोल्ट आणि दांड्यांच्या टोकांचे सांधे यांची गोष्ट निराळी. इंजिन बंद पडलं, तर ऑर्बिटल व्हॉल्व्ह हातपंपासारखा चालतो आणि चाकं कशीबशी वळतात. पण एवढ्या मोठ्या टायरांना हाताचा जोर फारसा पुरत नाही. आणि होज फुटला, तर तेवढंही उरत नाही. स्टिअरिंग हातात फिरत राहतं आणि चाकं आपल्या मर्जीनं जातात. खडकावर ताशी पाच किलोमीटरनं हे घडलं तर गाडी थांबते. रस्त्यावर साठच्या वेगानं घडलं, तर समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याचा जीव जातो. कर्जाच्या कागदावर जामीनदाराची सही तरी असते. या स्कूटरवाल्यानं कुठंही सही केलेली नसते.

पुण्यामुंबईच्या तरुणांतही चिखलात आणि डोंगरात जीप घालण्याचा छंद रुजला आहे. म्हणून आपला कायदाही सांगायला हवा. उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते नि:संदिग्धपणे सांगितलं आहे. तरुणांना हा जाच वाटतो. मला तो त्या स्कूटरवाल्याच्या वतीनं घेतलेला तारण-दस्तऐवज वाटतो.

अमेरिकेतही अनुभवी मंडळी दोन वाटा सुचवतात. ज्याची गाडी रस्त्यावरही धावते, त्यानं मूळ पेटी ठेवावी आणि तिच्या मदतीला एक छोटा सिलिंडर जोडावा. लोखंडाची साखळी शाबूत राहते. ज्याला संपूर्ण हायड्रॉलिकच हवं, त्यानं गाडी ट्रेलरवर लादून खडकांपर्यंत न्यावी. हौशी माणसाच्या अंदाजपत्रकात पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर, तेल सगळं असतं; हा ट्रेलर तेवढा नसतो. तो धरला की ‘स्वस्तातलं’ स्टिअरिंग महाग पडतं हे खरं. पण हिशेब तेव्हाच पुरा होतो. ज्याला तो झेपत नाही, त्यानं थोडे लहान टायर बसवावेत आणि लहान खडक चढावेत.