पेन्सिल कुणाच्या हातात?

नकाशा साहेब काढतो आन् बुडतो गावाकडचा माणूस. साताऱ्यात १९६० च्या दशकात कोयना धरण उभं राहिलं. बुडणाऱ्यांना नकाशा काढताना कुणी विचारलं? त्यांच्यातले कित्येक आजही पुनर्वसनासाठी झगडतायत.

सांगलीत उलटं घडलं. १९८२ च्या संपात गिरणी कामगार खानापूर तालुक्यात परतले, वर दुष्काळ. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. बलवडी-तांदुळवाडीकरांनी इंजिनिअरसोबत बसून आराखडा ठरवला, वाळू विकून पैसा उभारला आणि येरळेवर बळीराजा धरण बांधलं. पाणी एकरावर नाही, घरटी समान. भूमिहीनालाही वाटा!

खरी मेख इथंच आहे. ज्याला सातबारा नाही, त्याला साहेबाच्या आराखड्यात जागा नाही. उद्या आपल्या वस्तीचा नकाशा येईल, सही मागतील. म्हणावं, सही मागनं. आधी पेन्सिल द्या.