सरहद्दीपार न चालणारी डिस्क

परदेशी निघालेल्या कुटुंबाच्या बॅगेत मसाल्याच्या डब्याशेजारी डिस्कचा गठ्ठा असतोच. आमच्यातल्या बऱ्याच डिस्क अमेरिकेतल्या प्लेअरने नाकारल्या.

चित्रपट कंपन्यांनी डीव्हीडीसाठी जगाचे ६ मुख्य विभाग पाडले. अमेरिका १ मध्ये, भारत ५ मध्ये. आखाती देश, युरोप, जपान २ मध्ये. साधा प्लेअर आपल्याच विभागाची डिस्क वाचतो. रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू सरहद्द ओलांडताच मुकी व्हावी, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

अम्मींना मात्र चित्रपटांशी देणेघेणे नव्हते. त्यांना आपाच्या निकाहची डिस्क हवी होती. दादीजानचा आवाज आता तेवढाच उरला आहे. घरगुती डिस्कवर विभागाचे कुलूप नसते, तरी ती लागेना. आपल्याकडचे चित्रण पाल पद्धतीचे, सेकंदाला २५ चित्रांचे. तिथला टीव्ही एनटीएससीचा. म्हणून दुकानात नुसते ‘रीजन फ्री’ मागून भागत नाही. पालचे एनटीएससी आतच होते का, तेही विचारावे. भारतातून प्लेअर नेणार असाल, तर मागची पट्टी वाचा: तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. संगणकाचा आधार घ्याल, तर त्याच्या ड्राइव्हचा विभाग ५ वेळाच बदलता येतो.

आमचा प्लेअर अखेर एका देशी किराणा दुकानात मिळाला. दादीजानची दुआ अम्मींनी तीनदा लावायला सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या डिस्कच्या दोन प्रती काढल्या. एक रत्नागिरीला चाचांकडे गेली.