वाऱ्याची तारीख कोण सांगणार?

लोहाऱ्याच्या माणसाने शिडाच्या बोटींवर लिहावं, याचं काही जणांना हसू येईल. आमच्याकडून समुद्र पाहायला जायचं तर रात्रभराचा प्रवास. पण माझ्या बहिणीचा नातू सध्या अशाच एका बोटीवर खलाशी म्हणून जायच्या खटपटीत आहे. परवा त्याचा फोन आला. "आजोबा, व्हिसाच्या अर्जात पोचायची नक्की तारीख मागितलीय. मध्येच वारा पडला तर?" मला उत्तर देता आलं नाही.

मग थोडं वाचलं. परक्या बंदरात शिरताना बोटीवर पिवळं निशाण चढवतात. 'बोटीवर सगळे निरोगी आहेत, प्रवेश द्यावा' असा त्याचा अर्थ. तपासणी होईपर्यंत कोणी किनाऱ्यावर उतरायचं नाही. खलाशांची यादी, मागच्या बंदराचा दाखला, पासपोर्ट सगळं तयार हवं. न्यूझीलंडला तर निदान ४८ तास आधी कळवावं लागतं. यात गैर काही नाही. दारात आलेल्याला आपणही 'कोण?' म्हणून विचारतोच.

आणि आपण तर पोळलेले आहोत. १९९३ साली रायगडच्या किनाऱ्यावर दिघी, शेखाडीला शस्त्रं आणि स्फोटकं उतरली. तेव्हा नियम नव्हते असं नाही. पुढे शिक्षा झालेल्यांत कस्टम्सचे अधिकारीही होते! ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच जिल्ह्यात, हरिहरेश्वरला, एक रिकामी बोट लागली. आत एके-४७ रायफली. सगळीकडे धावपळ. चौकशीत कळलं की बोट मस्कतहून युरोपला निघाली होती, इंजिन बंद पडलं, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि बोट वाहत इकडे आली. समुद्र कोणाला कुठे नेईल, याचा नेम नाही तो असा.

आपल्या नौदलाची 'तारिणी' घ्या. सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये तिच्यातून जगप्रदक्षिणा करून आल्या. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन हे थांबे आधी ठरलेले. पण परतताना सुकाणूत बिघाड झाला आणि मॉरिशसला थांबावं लागलं. त्यांच्या पाठीशी सरकार होतं. आमच्या पोराच्या पाठीशी कोण?

म्हणून माझं मत असं. माणूस कोण, बोट कोणाची, बोटीत काय, हे कसून तपासा. कोपरान् कोपरा पाहा. पण तारखेत अडकवू नका. महिना-दीड महिन्याची मुदत द्या, मुक्काम उतरल्या दिवसापासून मोजा आणि निघाल्यावर बोटीने वरचेवर ठावठिकाणा कळवावा अशी अट घाला. खोटी तारीख लिहायला भाग पाडणारा अर्ज प्रामाणिक माणसालाच खोटं शिकवतो. ज्याला चोरून यायचंय, तो अर्ज कशाला भरेल?

हाच न्याय आपल्यालाही लागू. आपला ई-व्हिसा घेऊन येणाऱ्यालाही ठरावीक विमानतळांवर आणि बंदरांवरच उतरता येतं. उद्या एखादं परदेशी पोर वाऱ्याने भरकटून कोकणात लागलं, तर कसून चौकशी जरूर व्हावी, पण आधी पाणी विचारावं.

असो. नातवाला मी सांगितलं, अंदाजाची तारीख लिही आणि शेजारी 'अंदाजे' असंही लिही. चुकलं का माझं? जाणकारांनी जरूर कळवावं.