सहलीचे पैसे आधी, दाद नंतर : सातारा-सांगलीच्या पर्यटकाला कायदा कुठपर्यंत वाचवतो?

दिवाळी किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की सातारा, कराड, मिरज, तासगाव, विटा इथल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहलींची पत्रके फिरू लागतात. चारधाम, काशी-अयोध्या, केरळ, राजस्थान, दुबई. ‘जागा मर्यादित, आजच बुकिंग करा.’ भिशीचे पैसे, निवृत्तीनंतर हाती आलेली रक्कम किंवा द्राक्षाच्या हंगामातली शिल्लक एका यूपीआय व्यवहारात समोरच्याच्या खात्यात जाते. बदल्यात मिळते एक रंगीत पत्रक आणि ‘पेमेंट मिळाले’ असा मेसेज.

सहल ही अशी खरेदी आहे, की तिचे पैसे आधी द्यायचे आणि माल नंतर बघायचा. हॉटेल पत्रकातले निघते की दुसरेच, गाडी एसी येते की साधी, आणि मुळात सहल निघते की नाही, हे सगळे पैसे गेल्यावर कळते. म्हणूनच या व्यवहारात ग्राहकाला कायद्याची गरज जास्त आहे. तो कायदा आहे आणि चांगला आहे. पण तो नुकसान झाल्यावर धावून येतो, आधी नाही. खरी अडचण तिथे आहे.

कायदा काय देतो?

१९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सहल ही या कायद्याने ‘सेवा’ आहे. ठरलेले हॉटेल न देणे, स्थळे गाळणे, जेवण-मुक्कामात काटछाट करणे ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरू शकते. खोटी जाहिरात, पावती न देणे किंवा सदोष सेवेचे पैसे परत करण्यास नकार देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. परताव्याची मुदत पावतीवर लिहिलेली नसेल, तर कायदा ती ३० दिवस धरतो.

पैसे मुलाने भरले आणि यात्रेला आई-वडील गेले, तरी अडचण नाही. पैसे देणारा आणि त्याच्या संमतीने सेवा घेणारा, दोघेही कायद्याच्या भाषेत ग्राहक आहेत.

तक्रार साताऱ्यातच

कंपनी पुण्याची, कार्यालय मुंबईत आणि पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘वाद फक्त मुंबई न्यायालयाच्या कक्षेत’. हे वाचून अनेक जण नाद सोडतात. तशी गरज नाही. नव्या कायद्याने ग्राहकाला तो जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा दिली आहे. वाईचा माणूस सातारा जिल्हा आयोगात, जतचा माणूस सांगली जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो.

मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्कच नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि विनंती केल्यास सुनावणी व्हिडिओद्वारेही होऊ शकते. मात्र घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करणे शहाणपणाचे. काही प्रकरणे तिथेच मिटतात.

‘कोणत्याही कारणास्तव पैसे परत नाहीत’

ही ओळ जवळपास प्रत्येक पत्रकावर असते. ती छापली म्हणून कायदेशीर होत नाही. ग्राहकाच्या चुकीमुळे होणाऱ्या नुकसानीपेक्षा भलताच मोठा दंड लावणारी किंवा एकाच बाजूला मनमानी करार मोडण्याचा हक्क देणारी अट ‘अन्याय्य करारा’च्या व्याख्येत बसते. एक बारकावा लक्षात ठेवावा : करारातील अटच रद्द करा, अशी मागणी राज्य आयोगाकडे करावी लागते. जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटी आणि अनुचित प्रथा या कारणांनी दाद मागता येते.

ऑनलाइन बुकिंगसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत. कंपनीने स्वतः एकतर्फी बुकिंग रद्द केल्यावर ती तेवढाच भुर्दंड सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही रद्द करण्याचे शुल्क घेता येत नाही. ‘दोनच जागा शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे किंवा शेवटच्या पानावर छुपे शुल्क वाढवणे, यावर नोव्हेंबर २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे.

हक्क आहे, पण वेळ?

कायद्यानुसार साधे प्रकरण समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत निकाली निघायला हवे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. कोविडच्या काळातील विमान तिकिटांचे उदाहरण बोलके आहे. लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या तिकिटांचे पैसे परत करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी आदेश दिला. तरीही ‘यात्रा’ या एकाच पोर्टलकडे २०२१ मध्ये ३६,२७६ बुकिंगचे सुमारे २६ कोटी रुपये अडकलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या पाठपुराव्यानंतरही जून २०२४ मध्ये ४,८३७ बुकिंगचे अडीच कोटी बाकी होते. देशातील सर्वोच्च न्यायालयाचा आदेश हाती असताना ही गत, तर एकट्या ग्राहकाचे काय?

आणि कंपनीच बुडाली तर?

कॉक्स अँड किंग्ज ही १७५८ पासूनचा वारसा सांगणारी मुंबईतील कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. अशी प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे थांबतात, त्यात ग्राहक आयोगातील तक्रारीही आल्या. सहलीचे पैसे भरलेला माणूस मग बँका आणि कामगारांच्या मागे रांगेत उभा राहतो. त्याच्या वाट्याला काही उरेलच, याची शाश्वती नसते.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरला ब्रिटनमधील थॉमस कुक बंद पडली (भारतातील याच नावाची कंपनी वेगळी). परदेशात अडकलेल्या सुमारे १ लाख ४० हजार प्रवाशांना तिथल्या यंत्रणेने दोन आठवड्यांत घरी आणले. विमानासह पॅकेज विकणाऱ्याला तिथे ‘अटोल’ परवाना लागतो. दर प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत जमा होतात आणि कंपनी बुडाली तर त्या निधीतून परतावा मिळतो. त्या ग्राहकाला न्यायालयात जावे लागत नाही.

आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे. शॉप अ‍ॅक्ट नोंदणी आणि जीएसटी क्रमांक व्यवसाय अस्तित्वात असल्याचे सांगतात. गोळा केलेले पैसे सुरक्षित आहेत का, हे त्यातून कळत नाही. शेजारच्या गोव्यात १९८२ च्या कायद्याने ट्रॅव्हल एजंटला नोंदणी करावी लागते.

महाराष्ट्राने काय करावे?

नमुना घरातच आहे. घरबांधणीत ‘रेरा’ कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन घातले. सहल कंपन्यांनाही तोच न्याय लावता येईल. नोंदणी सक्तीची करावी, आगाऊ रकमेचा ठरावीक भाग स्वतंत्र खात्यात ठेवावा आणि रेल्वे, विमान, हॉटेलचे पक्के बुकिंग दाखवल्यावर तो मोकळा करावा.

लहान व्यावसायिक यात भरडले जातील, हा आक्षेप खोटा नाही. गावातल्या ओळखीवर वर्षाला चार यात्रा नेणारा माणूस मोठी ठेव आणणार कुठून? म्हणून सरसकट ठेव नको. जेवढी आगाऊ रक्कम, तेवढेच बंधन असावे. प्रामाणिक व्यावसायिकाचा यात फायदाच आहे, कारण हंगामापुरते दुकान थाटून गायब होणाऱ्याशी त्याला आज स्वस्त दराची स्पर्धा करावी लागते.

तोपर्यंत

पैसे व्यक्तीच्या खात्यावर न पाठवता संस्थेच्या खात्यावर पाठवावेत. हॉटेलची नावे, गाडीचा प्रकार, काय समाविष्ट नाही आणि रद्द केल्यास किती कपात, हे लेखी घ्यावे. जीएसटी बिल मागावे. शक्य असेल तर सगळी रक्कम एकदम देऊ नये. सहलीत गडबड झाली तर तिथेच फोटो काढावेत आणि आयोजकाला मेसेज करून ठेवावा. तोंडी भांडणाचा पुरावा उरत नाही.

फसवणूक एकट्याची नसून गटाची असेल, तर कलम १७ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार करता येते. सातारा-सांगलीतील ज्येष्ठ नागरिक संघ आणि महिला मंडळे दरवर्षी सहली काढतात. त्यांनी या कलमाचा वापर सुरू केला आणि आगाऊ पैशांच्या सुरक्षेची मागणी आमदारांपर्यंत नेली, तर पुढच्या हंगामाआधी निदान चर्चा तरी सुरू होईल.