वाचकाला जे ठाऊक असतं

यंदाच्या दिवाळी अंकाची निम्मी पानं आम्ही वाचकांच्या हवाली केली आहेत. उन्हाळ्यात एक साधं आवाहन केलं होतं: तुम्ही वाचलेलं कोणतंही एक पुस्तक घ्या, नवं असो वा जुनं, आणि त्याबद्दल जे वाटलं ते मोकळेपणानं कळवा. विषय दिला नाही, लेखकांची यादी दिली नाही, शब्दमर्यादाही घातली नाही. आषाढ संपेपर्यंत पाकिटं, पोस्टकार्डं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या हस्तलिखित पानांचे फोटो यांचा मोठा ढीग जमला. ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ‘एक होता कार्व्हर’, ‘कोसला’च्या खाली ‘रुचिरा’, ‘मृत्युंजय’ला लागून ‘झाडाझडती’. कथा, कादंबरी, आत्मचरित्र असे गठ्ठे करून पाहिले, प्रकाशनाच्या सालानुसार लावून पाहिले. पत्रांचा जीवच जायला लागला. शेवटी ठरवलं, आली त्या क्रमानं छापायची. कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात संध्याकाळी परत आलेली पुस्तकं देवघेवीच्या टेबलावर अशीच जमतात. एकाच घरातून एकाच पिशवीत पाककृती, भयकथा आणि ज्ञानेश्वरीवरचं निरूपण परत येतं. मराठी माणसाचं वाचन प्रत्यक्षात असंच चालतं. अभ्यासक्रमातला साहित्याचा इतिहास त्याला फार उशिरा भेटतो, कित्येकांना भेटतही नाही.

ही पत्रं वाचताना एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. पुस्तकाबद्दल बोलण्याचा अधिकार आपण समीक्षक, प्राध्यापक आणि लेखक यांना देतो आणि तो योग्यच आहे. पण वाचकाकडे असं काही असतं, जे या तिघांकडे नसतं. पुस्तकात आलेली एखादी गोष्ट त्यानं हातानं केलेली असते, अंगावर घेतलेली असते. त्या जागी त्याचं मत इतर कुणाहीपेक्षा भारी ठरतं.

खानदेशातून आलेलं एक पत्र पाहा. लिहिणारे गृहस्थ ऐंशीकडे झुकलेले आहेत. तरुणपणी ते गावोगाव देवी टोचत फिरायचे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 साली आली. त्यांच्या हाती ती आता पडली, नातवाच्या कॉलेजच्या पुस्तकांत. ‘कोसला’वर मराठीत किती लिहिलं गेलं आहे, हे सांगायला नको: तिची भाषा, तिचा सूर, पांडुरंग सांगवीकरचं एकटेपण. या आजोबांनी त्यातल्या कशालाही हात लावलेला नाही. ते थेट पांडुरंगच्या बहिणीपाशी, मनीपाशी जातात. मनी देवीनं जाते. ज्या घरात देवी आल्या ते घर कसं वागायचं, हे त्यांनी पाहिलेलं आहे. लिंबाचा पाला, दारं बंद, आवाज न करता चालणं, आणि टोचणारा वाडीत शिरला की पोरांना कणगीमागे लपवणं. कारण टोचलं तर देवी कोपेल. मुंबईत पहिली लस 1802 साली एका लहान मुलीला टोचली गेली होती. म्हणजे कादंबरी लिहिली जात असताना हा उपाय या प्रांतात दीडशे वर्षांहून जुना होता. आजोबांचं म्हणणं असं, की तरुण वाचक मनीच्या मरणानंतरचा पांडुरंगचा आकांत म्हणजे जगण्याच्या निरर्थकतेबद्दलचं दुःख समजतात. त्यांना मात्र त्यात एक अगदी नेमका संताप ऐकू येतो: हे मरण टळलं असतं. 1975 नंतर भारतात देवीचा रुग्ण सापडला नाही. आज ‘कोसला’ वाचणाऱ्या मुलामुलींनी तो आजार पाहिलेला नाही, त्यांच्या आईबापांपैकीही फार थोड्यांनी पाहिला असेल. हे पत्र छापलं नसतं, तर त्या प्रकरणाचा एक अर्थ ते पाहिलेल्या पिढीबरोबरच गेला असता. आम्ही स्वतः ते प्रकरण पुन्हा काढून वाचलं. आजोबांचा अर्थ पुरता पटला असं नाही, पण आता तो मनातून जातही नाही.

वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’ 1981 साली प्रसिद्ध झालं. तेव्हापासून शाळांच्या बक्षीस समारंभात सर्वांत जास्त वाटल्या गेलेल्या पुस्तकांपैकी ते असावं. भाषणांतून त्याची एकच बाजू पुढे येते: गुलामीत जन्मलेला अनाथ मुलगा, जिद्द, चिकाटी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस उत्पादकानं ते शेतीचं पुस्तक म्हणून वाचलं. त्यानं खुणा केल्या आहेत त्या पिकांच्या फेरपालटीवर. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतली जमीन कापूस घेऊन घेऊन निकस झाली होती. तिथल्या शेतकऱ्यांना कार्व्हर यांनी भुईमूग, रताळी, चवळी लावायला सांगितलं. या वाचकाला सर्वांत मोलाचा वाटला तो त्याच्या पुढचा भाग. लोकांनी भुईमूग पेरला, अमाप पिकला, आणि घेणारा कुणी नाही. पेरायला आपण सांगितलं, तेव्हा विक्रीचं पाहणंही आपलंच काम, हे ओळखून कार्व्हर प्रयोगशाळेत बसले. सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला हा भाग वाचायला लावा, असं तो लिहितो. मग तो पुस्तकाशी भांडायलाही उभा राहतो. त्याच्या तालुक्यात भुईमूग मागे पडला तो रानडुकरांमुळे. एका रात्रीत कळप अख्खं वावर उकरून जातो, आणि जागलीला जायला घरात माणूस उरलेला नाही. कार्व्हर यांच्या गोष्टीत हा शत्रू नाही. पुस्तकाला त्यानं कमीपणा आणलेला नाही. पुस्तक जिथे थांबतं तिथून पुढे तो स्वतः चालत गेला आहे. मराठीत ग्रंथपरीक्षण लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना हे लिहिता आलं असतं?

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’बद्दल आखाती देशात नोकरी करणाऱ्या एका तरुणानं लिहिलं आहे. पत्र लहान आहे. आईनं दिलेल्या प्रतीच्या समासात तिनं पेन्सिलीनं केलेल्या दुरुस्त्या आहेत: इथे पाणी कमी, तांदूळ नवा असेल तर आणखी कमी, इथे गूळ दुप्पट. या दुरुस्त्यांसकटच ते पुस्तक त्याला पूर्ण वाटतं. पाककृतीचं पुस्तक अभिप्रायाच्या लायकीचं आहे का, असा प्रश्न संपादन करताना आमच्यातल्या एकानं काढला होता. 1970 पासून इतक्या स्वयंपाकघरांत रोज उघडलं जाणारं पुस्तक लायक नसेल, तर दुसरं कोणतं असेल?

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वरचं पत्र एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. तिच्याशी आमचा मतभेद आहे, तरी ते पूर्ण छापलं आहे. शाळेत तिनं या पुस्तकातले विनोदी उतारे वर्षानुवर्षं शिकवले. वडिलांचं सोवळं, घरातल्या फजित्या, मुलं हसायची. पुस्तक सलग वाचलं ते सेवानिवृत्तीनंतर. तेव्हा तिला दिसले ते न सांगता घरातून निघून जाणारे लक्ष्मीबाईंचे पती टिळक, 1895 साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरची ताटातूट, आणि त्या वर्षांत लक्ष्मीबाईंनी काढलेले दिवस. लक्ष्मीबाईंनी माफ केलं असेल, मी करत नाही, असा पत्राचा सूर आहे. आम्हाला तो टिळकांवर कठोर वाटतो. लक्ष्मीबाईंचं हसू हे नुसतं सोसण्यावरचं पांघरूण नाही. त्या माणसाचं मोठेपण आणि त्याचा विक्षिप्तपणा दोन्ही त्यांनी एकाच नजरेनं पाहिलं, आणि 1934 साली पहिला भाग आलेल्या या पुस्तकाची ताकद तिथेच आहे, असं आम्ही मानतो. पण बाईंनी आपल्या म्हणण्यासाठी दाखवलेले प्रसंग पुस्तकात आहेत, आणि त्यांना बगल देता येत नाही.

शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’वर तर दोन पत्रं समोरासमोर उभी ठाकली आहेत. एक रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाचं. सोळाव्या वर्षी शिक्षण सुटलं त्या उन्हाळ्यात त्याला ही कादंबरी मिळाली, आणि जन्मावरून हिणवल्या गेलेल्या कर्णाच्या तोंडून त्याला स्वतःचं बोलणं ऐकू आलं. दुसरं एका प्राध्यापिकेचं. सहा जणांच्या मुखातून गोष्ट सांगायची योजना तिला आवडते. पण कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हे सहाही जण एकाच अलंकृत भाषेत बोलतात, हा तिचा आक्षेप आहे, आणि तो तिनं नीट मांडला आहे. आमचा कल या आक्षेपाकडे आहे. तरी सुरक्षारक्षकाचं पत्र अधिक चांगलं लिहिलेलं आहे, हे कबूल केलं पाहिजे.

‘झाडाझडती’बद्दल लिहिणाऱ्या मुलीचे आजी-आजोबा कोयनेच्या खोऱ्यातून उठून रायगड जिल्ह्यात आले. विश्वास पाटलांच्या या कादंबरीला 1992 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, धरणग्रस्त हा शब्द तिनं घराघरात नेला. या मुलीचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तिसऱ्या पिढीनं गाव म्हणून काय सांगायचं? घरातले अजून वर्षातून एकदा शिवसागर जलाशयाच्या काठी गावदैवतासाठी जातात, तिला मात्र तिथे पाहुण्यासारखं वाटतं. ही कादंबरी अजून लिहिली गेलेली नाही, असं ती म्हणते. एखाद्या लेखकानं हे पत्र वाचावं, अशी आमची फार इच्छा आहे. तिनंच लिहिलं तर त्याहून बरं.

काय छापलं नाही, हेही सांगायला हवं. ‘अप्रतिम’, ‘निःशब्द केलं’, ‘डोळ्यांत पाणी आलं’ एवढ्यावर थांबलेली पत्रं बाजूला ठेवावी लागली. डोळ्यांत पाणी आलं तर कोणत्या पानावर आलं, ते सांगा. पुस्तक आवडलं नसेल तर तेही तसंच नेमकेपणानं सांगा. नावडीची पत्रं आम्ही मुद्दाम शोधून घेतली आहेत. मित्रानं मित्राच्या पुस्तकावर लिहिलेली पत्रं ओळखू येतात, ती वगळली. भाषा मात्र जिथली तिथलीच ठेवली. वऱ्हाडीतलं पत्र वऱ्हाडीत आहे, मालवणीतलं मालवणीत. बेळगाव, मडगाव, बडोदा, इंदूर इथल्या वाचकांच्या मराठीला आम्ही पुण्याची इस्त्री केलेली नाही.

एखाद्या पुस्तकावर बंदी घाला, अशी मागणी करणारी पत्रंही आली. ती छापलेली नाहीत, आणि यामागे दिवाळी अंकांचाच एक इतिहास आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, हे आता फारसं कुणी सांगत नाही. उच्च न्यायालयात शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1969 साली काकोडकर निर्दोष सुटले. दिवाळी अंकातल्या एका कथेसाठी लेखकाला सात वर्षं मोजावी लागली. हे पुस्तक वाईट आहे, असं म्हणण्याचा वाचकाचा अधिकार आम्ही शेवटपर्यंत सांभाळू. ते दुसऱ्या कुणी वाचूच नये, ही मागणी आमच्या लेखी त्या अधिकारात बसत नाही.

मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार-अकराशे प्रतींची असते. त्यांतल्या बऱ्याचशा 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांत जातात. तिथे एक प्रत पन्नास घरांत फिरते, मलपृष्ठाच्या आतल्या कागदावर तारखांचे शिक्के उमटत जातात, आणि त्या पन्नास घरांचं म्हणणं ऐकतो एकटा ग्रंथपाल. हे पुढचं ठेवा बाजूला, त्यांचं आधीचं जास्त चांगलं होतं, शेवट उरकलाय, आईला वाचून दाखवलं. लेखकापर्यंत यातलं काही पोचत नाही. प्रकाशकाला खपाचा आकडा कळतो, तेवढंच. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत पुस्तकांची जागा आक्रसत गेली आहे, आणि जी उरली तिथे सामान्य वाचकाला खुर्ची नाही. तुटपुंज्या अनुदानावर, वेळेवर न मिळणाऱ्या पगारावर काम करणारे गावोगावचे ग्रंथपाल हेच आज मराठी वाचकांच्या मतांचे खरे राखणदार आहेत. यंदाची कित्येक पत्रं त्यांनीच सभासदांच्या मागे लागून लिहवून घेतली, काही वृद्ध वाचकांची पत्रं तर त्यांनी स्वतः उतरवून पाठवली. हा अंक त्यांना अर्पण केला आहे.

जागेअभावी मागे राहिलेली पत्रं आम्ही मासिकाच्या पुढच्या अंकांतून छापत राहू. यातल्या कुणाचं म्हणणं खोडून काढावंसं वाटलं तर जरूर लिहा. लिहिताना पुस्तकाची आवृत्ती आणि पान नोंदवा, म्हणजे आम्हालाही ते काढून पाहता येईल. पोस्टकार्ड चालेल. 

— संपादक