‘चूक’ नावाची सोय

काबूल, २९ ऑगस्ट २०२१. वीस वर्षांच्या मुक्कामानंतर अमेरिकी फौजेचं शेवटचं विमान उडायला जेमतेम एक दिवस उरला होता. त्या दुपारी एका पांढऱ्या टोयोटा कोरोलावर ड्रोनमधून हेलफायर क्षेपणास्त्र पडलं. गाडी नुकतीच घराच्या अंगणात शिरली होती. दहा माणसं मेली, त्यांतली सात मुलं. ड्रोनवाले आठेक तास त्या गाडीच्या मागावर होते. गाडी चालवणारा एका अमेरिकी मदतसंस्थेत नोकरीला होता. ज्यांना वरून स्फोटकं समजलं गेलं, ते पाण्याचे कॅन असल्याचं पत्रकारांनी शोधून काढलं.

जनरल मार्क मिली यांनी आधी हा हल्ला ‘न्याय्य’ ठरवला. पत्रकारांची बातमी आल्यावर, १७ सप्टेंबरला, जनरल केनेथ मॅकेन्झी यांनी ती ‘दुःखद चूक’ असल्याचं मान्य केलं. नोव्हेंबरमध्ये हवाई दलाच्या इन्स्पेक्टर जनरलनी चौकशी करून ती ‘प्रामाणिक चूक’ असल्याचं सांगितलं. डिसेंबरमध्ये जाहीर झालं की कुणालाही शिक्षा होणार नाही. चार महिन्यांत फक्त विशेषणं बदलली.

माझं भांडण या ‘चूक’ शब्दाशी आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणजे चुका शोधण्यावर आणि निस्तरण्यावरच माझं पोट चालतं. सर्व्हर पडला की आम्ही ‘पोस्टमॉर्टेम’ लिहितो. (हा शब्द वापरताना आम्हाला कधी कसंसं होत नाही, ते असो.) त्यात कुणा एकाच्या डोक्यावर खापर फोडायचं नाही, हा आमच्याकडचा चांगला रिवाज आहे. अमेरिकी लष्कराच्या बाजूनेही लोक हेच म्हणतात: वैमानिकाला फासावर देऊन काय मिळणार, व्यवस्था सुधारा. मान्य. पण आमच्या रिवाजाला एक अट आहे. माणसाला माफ करायचं ते सिस्टिम बदलण्याच्या बोलीवर. तोच बग त्याच जागी पुन्हा आला आणि तुम्ही पुन्हा ‘कुणाचाच दोष नाही’ असं लिहिलंत, तर तिसऱ्या खेपेला मॅनेजर विचारतो, बाबा रे, हे फीचर आहे का?

कुंदुझ बघा. सप्टेंबर २०१५च्या शेवटी तालिबानने हे शहर घेतलं. तिथे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ अर्थात एमएसएफचं जखमींसाठीचं इस्पितळ होतं. २९ सप्टेंबरला एमएसएफने आपल्या इस्पितळाचे जीपीएस आकडे अमेरिकी लष्कराला पुन्हा कळवले. ३ ऑक्टोबरच्या पहाटे दोनच्या सुमारास एसी-१३० या तोफा बसवलेल्या विमानाने त्याच इमारतीवर मारा सुरू केला. २११ गोळे. ४२ माणसं मेली: २४ रुग्ण, १४ कर्मचारी, ४ रुग्णांसोबतचे नातेवाईक.

अमेरिकेचा स्वतःचा चौकशी अहवाल मी कामाच्या सवयीने वाचला, कुणाचा तरी इन्सिडेंट रिपोर्ट वाचावा तसा. विमान घाईत उडालं, नेहमीचं ब्रीफिंग झालं नाही. हल्ला करू नये अशा ठिकाणांची यादी विमानात नव्हतीच. हवेत असताना संपर्कयंत्रणेचा एक भाग बंद पडला. क्षेपणास्त्राच्या भीतीने विमान आपली घिरटी सोडून लांब गेलं, त्यामुळे अफगाण गुप्तचर खात्याच्या इमारतीचे म्हणून दिलेले आकडे मोकळ्या शेतावर पडायला लागले. मग वर्णनाशी जुळणारी इमारत नजरेने शोधली गेली, आणि ती इस्पितळाची निघाली. विमान जवळ आल्यावर यंत्र बरोबर जागा दाखवू लागलं होतं, तरी ‘वर्णन जुळतंय’ हेच धरून ठेवलं. गोळी सुटण्याआधी इस्पितळाचे आकडे तळावर कळवलेही होते. तिथे यादी होती. कुणी ताडून पाहिलं नाही.

इतक्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर ‘नक्की माहीत नाही’ असं उत्तर आलं. नक्की माहीत नसेल तर थांबायचं, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं का? कागदावर नक्कीच होतं. चालत्या यंत्रात उलटं होतं: शंका असेल तर पुढे चला.

एमएसएफचे लोक मारा चालू असताना काबूल आणि वॉशिंग्टनला फोन करत होते, मेसेज पाठवत होते. एका मेसेजला लष्कराकडून उत्तर आलं: प्रयत्न करतो, तुम्हा सगळ्यांसाठी प्रार्थना करतोय. ही नोंद एमएसएफच्या अहवालात वेळेसकट आहे, पहाटे २ वाजून ५९ मिनिटं.

१६ जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, फौजदारी खटला एकावरही नाही. मेलेल्याचे सहा हजार डॉलर, जखमीचे तीन हजार.

आमच्या भाषेत याला डिफॉल्ट म्हणतात. माहिती नसेल तेव्हा यंत्र जे गृहीत धरतं, ते. ओबामांच्या काळातल्या ड्रोन हल्ल्यांबद्दल न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ मध्ये छापलं होतं की, हल्ल्याच्या टापूत सापडलेला लढण्याच्या वयाचा प्रत्येक पुरुष लढवय्या म्हणून मोजला जातो. मेल्यानंतर तो निर्दोष असल्याचा ठोस पुरावा मिळाला तरच आकडा बदलतो. मेल्यानंतर! असा कॉलम मी डेटाबेसमध्ये ठेवला तर अहवाल कायम सुंदरच येईल. नागरिक जवळजवळ मरतच नाहीत, असंच तो सांगेल.

आकडा बदलायचा भार मग कुणावर येतो, हे हेरात प्रांतातल्या अझिजाबादने दाखवलं. २२ ऑगस्ट २००८च्या हल्ल्यानंतर अमेरिका म्हणत होती, तीस अतिरेकी आणि पाच-सात नागरिक. संयुक्त राष्ट्रांच्या मते नव्वद नागरिक, त्यांत साठ मुलं. मोबाइलवर काढलेलं प्रेतांचं चित्रण बाहेर आल्यावर अमेरिकेने पुन्हा चौकशी केली आणि नागरिकांचा आकडा ३३ वर नेला. घरची माणसं पुरायची, आणि वर पुरावाही आपणच गोळा करायचा.

इथे हमखास प्रश्न येतो: आणि तालिबानचं काय? रास्त प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदींनुसार बहुतेक वर्षं जास्त नागरिक तालिबान आणि इतर बंडखोरांनीच मारले. त्यात काडीचीही सूट द्यायचं कारण नाही. पण बाजारात बॉम्ब ठेवणाऱ्याच्या गुन्ह्यातून वरून गोळा टाकणाऱ्याच्या खात्यात पुण्य जमा होत नाही. शिवाय तालिबानने ‘आम्ही अचूक मारतो’ असं सांगून कुणाचा देश ताब्यात घेतला नव्हता. २०१९ या एका वर्षात अमेरिकी विमानांनी अफगाणिस्तानवर ७,४२३ बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं टाकली. त्या वर्षी हवाई हल्ल्यांत ७०० नागरिक मेल्याची संयुक्त राष्ट्रांची नोंद आहे. बहुतेक आंतरराष्ट्रीय फौजांच्या हल्ल्यांत, काही अफगाण हवाई दलाच्या. सात हजार वेळा चालवलेल्या यंत्राचे निकाल ‘दुर्मीळ अपघात’ कसे असतील?

आपल्या फॅमिली ग्रुपवर ‘प्रिसिजन स्ट्राइक’चे काळेपांढरे व्हिडिओ फिरतात. मध्यभागी अधिकचं चिन्ह, मग पांढरा भपका, मग काकांचा अंगठा. भपका झाला की व्हिडिओ संपतो, कारण तो तिथेच कापलेला असतो. काबूलच्या हल्ल्याचं चित्रण जानेवारी २०२२ मध्ये बाहेर आलं, तेही न्यूयॉर्क टाइम्सने कोर्टात खेचल्यावर. ते पाहणारे फार थोडे. त्यात टाळी वाजवण्यासारखं काही नाही.

आणि हे परक्या देशाच्या जनरलांपुरतं नाही, म्हणून तर हे लिहितोय. ड्रोनचं चित्रण माणसांऐवजी संगणकाने चाळावं, यासाठी पेंटागॉनने २०१७ मध्ये ‘प्रोजेक्ट मेव्हन’ सुरू केला. गुगल त्यात होती. २०१८ मध्ये तिच्याच हजारो कर्मचाऱ्यांनी सह्या करून विरोध केला, तेव्हा कंपनीने करार पुढे वाढवला नाही. काम दुसऱ्यांनी उचललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुगलने शस्त्रांसाठी एआय न वापरण्याचं वचनही आपल्या तत्त्वांमधून काढून टाकलं. असं कोड लिहिणारे माझ्या-तुमच्यासारखेच, डेडलाइनला वैतागलेले असतात. मॉडेल सुधारलं की चुका कमी होतील, असं त्यांना मनापासून वाटतं.

काबूलच्या चौकशीत इन्स्पेक्टर जनरलनी एक गोष्ट सांगितली. हल्ल्याच्या दोन मिनिटं आधीच्या चित्रणात एक मूल दिसतं. पण ते सहज दिसत नाही, ते म्हणाले. शोधत असलात तरच दिसतं.